तपासणीच्या कागदावर ‘इरोजन’ लिहिले आहे? आधी अर्थ समजून घ्या

‘इरोजन’ म्हणजे धूप. वारा किंवा पाणी जमिनीचा वरचा थर वाहून नेते, त्याला भूगर्भशास्त्रात हा शब्द आहे. चुडाव्याच्या शिवारात मोठा पाऊस झाला की काळी माती वाहून ओढा गढूळ होतो, तीच ही धूप. डॉक्टर हाच शब्द शरीरासाठी वापरतात, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ सारखा नसतो.

जठरातील इरोजन
जठराच्या अस्तराचा फक्त वरचा थर सोललेला असतो. जखम खोल गेली तर तिला अल्सर म्हणतात. वेदनाशामक गोळ्या, दारू आणि एच. पायलोरी हा जंतू ही नेहमीची कारणे. कारण दूर केले आणि औषध घेतले की बहुधा भरून येते.

दातांचे इरोजन
आंबट पेयांमुळे किंवा वारंवार उलट्यांमुळे दातांचे वरचे कठीण आवरण झिजते. ते पुन्हा तयार होत नाही.

गर्भाशयाच्या तोंडावरील इरोजन
इथे बहुतेक वेळा झीज झालेलीच नसते. गर्भाशयमुखाच्या आतील लालसर, नाजूक पेशी बाहेरच्या बाजूला दिसतात. त्या जखमेसारख्या दिसतात म्हणून हे जुने नाव पडले. आता याला ‘एक्ट्रोपियन’ म्हणतात. तरुण वयात, गरोदरपणी आणि गर्भनिरोधक गोळ्या घेताना हे सर्रास आढळते. हा कॅन्सर नाही आणि यातून कॅन्सर होत नाही. त्रास नसेल तर उपचारही लागत नाहीत.

तरीही ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ एवढे ऐकून अनेक घरांत पिशवी काढण्याचा निर्णय होतो. केवळ इरोजनसाठी गर्भाशय काढण्याची गरज नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांची 2019 मध्ये राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली होती.

तपासणी कधी टाळू नये?
• शरीरसंबंधानंतर रक्त जाणे
• दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव
• दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित पांढरे जाणे

त्रास नसला तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची कॅन्सर तपासणी करून घ्या. ती सरकारी आरोग्य केंद्रांतही होते.

शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: नेमका आजार कोणता? कॅन्सरची तपासणी झाली का? औषधांनी भागेल का? उत्तर पटले नाही तर कागद घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.