म्हसवडला सहल काढाल तेव्हा

गटाची सहल म्हटली की आपण पंढरपूर, तुळजापूर एवढंच बोलतो. एकदा म्हसवडला या.

आधी सिद्धनाथ-जोगेश्वरीचं दर्शन घ्या. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला आलात तर रथ बघायला मिळेल. पण गुलाल-खोबऱ्याची उधळण असते, नवी साडी नेसू नका.

मग गाडी राजेवाडीच्या तलावाकडे घ्या. माणगंगा अडवून केलेला हा तलाव. बरेच जण बांधावर फोटो काढतात नि परततात. तुम्ही जरा बसा. १८७६-७७च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हे काम निघालं. त्या वेळच्या दुष्काळी कामांवर बायाही मातीच्या पाट्या वाहायच्या, मजुरी मात्र गड्यापेक्षा कमी. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. १९७२ला खडी फोडलेली एखादी आजी सोबत आणा. पाटी डोक्यावर घेऊन बांध चढणं काय असतं, ते तिच्याकडूनच ऐका.

तिथून शिखर शिंगणापूर. डोंगरावर भाविकांना पाणी नव्हतं, म्हणून शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी तिथं तळं बांधलं. देवळाइतकंच तेही बघा. पायऱ्या पुष्कळ आहेत; गुडघे दुखत असतील तर सावकाश चढा आणि पाण्याची बाटली भरून घ्या.