‘तेजी आहे’ म्हणजे नक्की काय आहे?



लिलावाच्या दिवशी नगरच्या नेप्ती उपबाजारात नाहीतर घोडेगावला जाऊन उभे राहा. ‘कांद्यात तेजी आहे’ हे वाक्य कानावर पडणारच. व्हिडिओत मीही हा शब्द सारखा वापरतो. पण या शब्दाच्या भरवशावर पैसे घालणार असाल, तर आधी तो नीट समजून घ्या.

शब्द फारसीतून आलेला. ‘तेज’ म्हणजे धारदार, वेगवान. मराठीत चपळ घोड्यालाही तेजी म्हणत. (शेअर बाजाराने इंग्रजांचा बैल उचलला, आपला घोडा काय वाईट होता?) म्हणजे भाव किती आहे हे तेजी सांगत नाही, भाव कुठे निघालाय ते सांगते. 8 रुपयांचा कांदा 12 ला गेला की तेजी. 50 चा 42 ला आला की मंदी. आता यात महाग कांदा कोणता, तुम्हीच सांगा!

आता हिशोब. समजा, तळलेल्या कांद्याचा छोटा उद्योग टाकायचाय, म्हणून तुम्ही 10 टन गावरान कांदा 20 रुपये किलोने घेऊन चाळीत भरला. झाले 2 लाख. चार महिन्यांत सड आणि वजनातली घट मिळून 20 टक्के गेला असं धरू. उरला 8 टन. तोच कांदा आता तुम्हाला किलोला 25 रुपयांना पडला. बाजारात भाव 20 वरून 25 झाला, तर बातमी येईल ‘कांदा तेजीत’. तुमच्या खिशात मात्र शून्य! चाळीचं भाडं, मजुरी, व्याज अजून धरलंच नाही.

आणखी एक विचारायचं. तेजी कशामुळे? उठाव वाढल्यामुळे, की नुसती आवक घटल्यामुळे? आवकेची तेजी नवा माल आला की उतरते. उठावाची जरा टिकते, पण तिचीही खात्री नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. बंदी 31 मार्च 2024 पर्यंत म्हणून लावलेली, उठली मे महिन्यात. तेव्हा बाजारात लाल कांदा होता. तो गावरानसारखा चाळीत टिकत नाही. ‘येईल तेजी, थांबू’ म्हणायची सोयच नव्हती.