धरणाचे आयुष्य जंगलाच्या हाती

राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधावयास घेतले, हे तुम्ही वाचले असेलच. भोगावती नदीवरील हे काम पैशाअभावी थांबले. १९२२ साली महाराज निवर्तले आणि धरण पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर. आज त्यात सुमारे ८३६ कोटी घनफूट पाणी साठते. धरणाच्या वरच्या अंगाला संस्थानकाळाचा आणखी एक ठेवा आहे, तो म्हणजे दाजीपूरचे जंगल. या दोहोंचा संबंध काय?

कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे १०० सेंटिमीटर पाऊस पडतो. दाजीपूरच्या डोंगरात त्याच्या तिपटीहून अधिक. डोंगरउतार उघडा असेल तर पावसाच्या माऱ्याने मातीचे कण सुटे होतात. धावते पाणी ते धरणात नेते. तेथे पाणी संथ होते आणि गाळ तळाशी बसतो. गाळाने जितकी जागा व्यापली, तितके पाणी कमी!

येथे वेगाला फार महत्त्व आहे. पाण्याचा दगडावरील रेटा दगडाच्या पृष्ठभागावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. दगडाचे वजन मात्र घनफळावर. हे गणित मांडले की पाणी जास्तीत जास्त किती वजनाचा दगड ढकलील, ते वेगाच्या सहाव्या घातावर ठरते. म्हणजे वेग निम्मा झाला, की ते वजन ६४ पटींनी घटते. जंगलातील पालापाचोळा थेंबांचा मारा झेलतो व वाहत्या पाण्याला अडवतो. मुळे माती धरून ठेवतात. बरेचसे पाणी जमिनीत मुरून पुढे झऱ्यांवाटे सावकाश येते.

हे रान मुळात संस्थानाच्या शिकारीसाठी राखलेले होते. शिकारीसाठी का होईना, झाडी टिकली. १९५८ साली येथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य करण्यात आले. त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत त्याचा समावेश झाला. राजाची शिकारभूमी अशी सर्वांची झाली.

परंतु गवे शेतात उतरतात, उभी पिके तुडवतात. पाण्याचा लाभ खालच्या गावांना आणि पिकांची हानी रानालगतच्या वाड्यांना, हा हिशेब न्यायाचा नाही. रान राखण्याचा भार खालच्यांनीही उचलला पाहिजे.

आता एक प्रयोग करा. दोन पसरट ट्रे मातीने भरा. एकातील मातीवर पालापाचोळा पसरा. दोन्ही सारखेच तिरके ठेवून झारीने सारखेच पाणी घाला. खाली आलेले पाणी दोन काचेच्या पेल्यांत धरा आणि तासाभराने तळाचा गाळ मोजा. धरणाचे आयुष्य कोठे ठरते, ते तुमच्या मोजपट्टीवरच दिसेल.