अर्जुनाने युधिष्ठिराला ‘अरे-तुरे’ का केलं? ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने महाभारतात शोधलेला नीतीचा पेच

महाभारतातला एक प्रसंग टीव्ही मालिकांमुळे फारसा लक्षात राहिलेला नाही. युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाने युधिष्ठिराला जबर जखमी केलंय आणि तो छावणीत परतलाय. त्याला भेटायला अर्जुन आणि कृष्ण येतात. कर्णाला मारूनच अर्जुन आला असणार, असं युधिष्ठिराला वाटतं. तसं झालेलं नाही हे कळताच त्याचा संताप अनावर होतो. तुझ्याने होत नसेल तर ते गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक, असं तो बोलून जातो.

अर्जुन थेट तलवार उपसतो.

कारण त्याने मनोमन एक प्रतिज्ञा केलेली असते. गांडीव दुसऱ्याला दे, असं जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करायचा. आता प्रतिज्ञा पाळावी तर सख्ख्या थोरल्या भावाचा खून होतो. न पाळावी तर शब्द मोडतो, आणि क्षत्रियासाठी दिलेला शब्द म्हणजे सत्यच.

हा प्रसंग म्हणजे नीतिशास्त्रातला खराखुरा पेच आहे, असं म्हणत त्याच्यावर गंभीरपणे लिहिणारे विद्वान म्हणजे बिमल कृष्ण मतिलाल.

कोण होते मतिलाल?

1935 साली बंगालमध्ये जन्म, कोलकात्यात संस्कृत आणि न्यायशास्त्राचं शिक्षण, मग हार्वर्डमधून पीएच.डी. 1976 पासून ते ऑक्सफर्डमध्ये ‘पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्र’ या विषयाचे स्पॉल्डिंग प्राध्यापक होते. याच पदावर एकेकाळी सर्वपल्ली राधाकृष्णन होते. मतिलाल यांची मूळ ओळख तर्कशास्त्राचे अभ्यासक अशी. भारतीय तत्त्वज्ञान म्हणजे फक्त अध्यात्म आणि मोक्ष, या समजाला त्यांनी आयुष्यभर विरोध केला.

पण नीतीचा विषय निघाला की एक अडचण त्यांनाही जाणवत होती. आपल्याकडच्या दार्शनिकांनी ज्ञान कसं होतं, पुरावा कशाला म्हणायचं, यावर शेकडो वर्षं कडाक्याचे वाद घातले. ‘योग्य वागणं म्हणजे काय’ यावर मात्र त्या मानाने फार कमी लिहिलं. मग ही चर्चा झालीच नाही का? मतिलाल यांचं उत्तर होतं: झाली, पण गोष्टींमधून.

कौशिक नरकात का गेला?

तलवार उपसलेल्या अर्जुनाला कृष्ण अशीच एक गोष्ट सांगतो. कौशिक नावाचा एक तपस्वी होता. कायम खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत. एकदा दरोडेखोरांपासून जीव वाचवत काही लोक जवळच्या रानात लपले. मागून आलेल्या दरोडेखोरांनी विचारलं, लोक कुठे गेले? कौशिकाने खरं ते सांगितलं. लोक मारले गेले आणि मृत्यूनंतर कौशिक नरकात गेला.

आता जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटकडे बघा. 1797 च्या एका निबंधात त्याने जवळपास हाच प्रश्न घेतलाय. खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारतोय, तर खोटं बोलावं का? कांट म्हणतो, नाही. खरं बोलण्याच्या कर्तव्याला अपवाद नाही. थोडक्यात, कांटच्या हिशेबाने कौशिक चुकलाच नव्हता.

मतिलाल यांनी ही तुलना सविस्तर मांडली. कांटच्या मते दोन खरी कर्तव्यं एकमेकांच्या विरोधात उभी राहूच शकत नाहीत. तसं दिसलं तर त्यातलं एक कर्तव्य नसतंच. मतिलाल यांना हे पटत नव्हतं. महाभारतातली माणसं दोन खऱ्या कर्तव्यांच्या कात्रीत सापडतात, आणि त्यातलं एक निवडलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. खरं बोलणं कृष्णही श्रेष्ठच मानतो. पण निरपराधांचा जीव जात असेल तर त्या नियमाला चिकटून राहणं हा धर्म नव्हे, असं तो सांगतो.

मग अर्जुनाने काय केलं? इथे कृष्णाचा तोडगा मराठी माणसाला चटकन कळेल. वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणणं म्हणजे त्याचा वधच, तेव्हा युधिष्ठिराला एकेरी बोल आणि अपमान कर! अर्जुन तोंड सोडतो. नंतर त्याला इतकं अपराधी वाटतं की तो स्वतःलाच मारायला निघतो. त्यावर कृष्ण म्हणतो, आत्मस्तुती कर, ती आत्महत्येसारखीच.

ऐकायला हा वकिली पळवाटेचा नमुना वाटतो, आणि थोडाफार तो आहेही. कृष्णाच्या अशा युक्त्यांवर मतिलाल यांनी वेगळा निबंधच लिहिला. द्रोण, कर्ण, दुर्योधन यांना मारताना वापरलेले मार्ग सरळ नव्हते, हे ते लपवत नाहीत. पण त्यांच्या वाचनात हा कृष्ण सर्वशक्तिमान नाही. युद्ध टाळायचा प्रयत्न करून तो अपयशी ठरलेला आहे.

महाभारताकडे असं माणसांची गोष्ट म्हणून पाहणं मराठी वाचकांना नवं नाही. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ 1967 सालीच आलं होतं. शिवाय महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेत तयार झाली. 1919 मध्ये सुरू झालेलं ते काम 1966 पर्यंत चाललं.

‘महाभारत सांगतं की...’ अशी सुरुवात करून एकच ठाम उपदेश देणारे फॉरवर्ड रोज फिरतात. मतिलाल यांना मात्र उत्तर न सापडलेल्या जागाही तितक्याच महत्त्वाच्या वाटत होत्या. त्यातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे द्रौपदीचा प्रश्न. युधिष्ठिर आधी स्वतःलाच हरला असेल, तर मला पणाला लावायचा हक्क त्याला उरला होता का? धर्म फार सूक्ष्म आहे, इतकंच भीष्म म्हणू शकले.

या विषयावर मतिलाल यांनी संपादित केलेला निबंधसंग्रह 1989 मध्ये आला. दोनच वर्षांनी, 56 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

छावणीतला तो प्रसंगही कृष्णाच्या तोडग्याने संपत नाही. कुणाचंच डोकं उडत नाही, अर्जुनाचा शब्दही राहतो. पण धाकट्या भावाच्या तोंडून ते सगळं ऐकलेला युधिष्ठिर अंथरुणावरून उठतो आणि वनात जायला निघतो. त्याला थांबवण्यासाठी कृष्णाला त्याच्या पाया पडावं लागतं.