दगडी बाण, बाटलीची काच आणि खाच कुठे पाडायची?

ऐकायला वेळ नसेल किंवा लोकलच्या आवाजात काही ऐकू येत नसेल, तर हा एपिसोड इथे वाचा. नेहमीप्रमाणे बोललोय तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे काय तर' थोडे कमी केलेत.

कल्याणहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. कॉलेजला जाणारा मुलगा आहे. "दादा, पातं मस्त जमतं. दोन-दोन तास गच्चीवर बसून करतो. पण शेवटी खाच पाडायला घेतली की खटकन तुटतं. आत्तापर्यंत सात गेली. नेमकी कुठली खाच पाडू?" सोबत फोटो होता. पेपरवर मांडलेले तपकिरी बाटलीच्या बुडाचे सात तुकडे, सगळे मानेवर तुटलेले. बघून वाईट वाटलं, कारण माझी पहिली काही अशीच गेली होती.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही शिकारीसाठी वापरली जाणारी पाती असली तरी आपण शिकार करत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हा आहे. आपल्याला इंटरेस्ट आहे तो वस्तूत आणि ती बनवण्यात.

आता खाच हवीच कशाला? बाणाच्या काठीला टोकाशी चीर देतात आणि पात्याचं बूड त्या चिरेत बसवतात. वरून तात किंवा दोरा गुंडाळतात. पात्याच्या कडा सरळ असतील तर दोऱ्याला धरायला काही मिळत नाही. खाच असली की दोरा तिच्यात अडकतो आणि पातं पुढे-मागे सरकत नाही. एवढंच तिचं काम. पण त्यासाठी दगडाची एक जागा आपण मुद्दाम बारीक करतो, म्हणजे कमजोर करतो. सगळा खेळ या देवाणघेवाणीचा आहे.

उत्तर अमेरिकेत खाचांचे सगळ्यात जास्त प्रकार सापडतात. त्यातले तीन लक्षात ठेवले तरी चालेल. पहिली बाजूची खाच: बुडाच्या थोडं वर, दोन्ही कडांमधून समोरासमोर आत गेलेली. दुसरी कोपऱ्याची: बुडाच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढणारी. तिच्यामुळे खाली दोन काटे तयार होतात. तिसरी बुडाची: थेट खालून वर, खोल. तिचे काटे लांब आणि दिसायला एकदम भारी. इन्स्टावर हीच दिसते, आणि नवीन माणसाने हात लावू नये अशीही हीच. काटा लांब म्हणजे पातळ काचेची जीभच ती. करताना नाही मोडली तर बांधताना मोडते.

कोपऱ्याची खाच मला स्वतःला जास्त आवडते. ती तिरकी चढत असल्यामुळे मान रुंद ठेवता येते. काट्याचं टोक उडालंच तरी पातं वाया जात नाही. पण कोपऱ्यावर दाब नेमका कुठे द्यायचा हे हाताला कळायला वेळ लागतो.

म्हणून आपल्या कल्याणकराला माझं उत्तर: बाजूची खाच, आणि उथळ. फोटो झूम करून पाहिले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, दोन्ही खाचा इतक्या आत नेल्यात की मध्ये काडीएवढीच मान उरली. मान किती ठेवायची? काठीच्या जाडीएवढी. काठी ८ मिलिमीटरची असेल तर मानही साधारण तेवढीच, म्हणजे दोरा गुंडाळल्यावर फुगवटा येत नाही आणि मानेत जीवही राहतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बाटलीचं बूड मुळात जाड आणि वाकडं असतं, आणि याने टोकाकडची बाजू पातळ केली पण खालची तशीच ठेवली. जाड काचेत खाच पाडायला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की पातं वाकतं. काच वाकणं सहन करत नाही. सात पाती तिथे गेली. आधी बूड पातळ कर, मग खाचेचा विचार.

खाचेसाठी तांब्याचा जाड खिळा ठोकून चपटा करायचा आणि लाकडी मुठीत बसवायचा. कडेवर आधी खरखरीत दगड घासायचा, नाहीतर धार नुसती चुरगळते. मांडीवर जाड चामडं, त्यावर पातं. एक छोटी कपची काढायची, पातं उलटायचं, त्याच जागेतून दुसऱ्या बाजूने एक काढायची. असं आलटून पालटून. एकाच बाजूने खोल जायची घाई केली की संपलं.

काच वापरली म्हणून कुणी हसलं तर त्याला ईशीबद्दल सांग. कॅलिफोर्नियातल्या याही लोकांपैकी वाचलेला हा शेवटचा माणूस १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ आला. १९१६ला वारला तोपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये राहायचा, आणि तिथे लोकांसमोर बाटलीच्या काचेतून खाचांची सुंदर पाती बनवायचा.

पण मग आपल्याकडे काय होतं? ठाणे, कल्याण, डोंबिवलीत उभं राहून हा प्रश्न विचारायलाच हवा. ठाणे शहर ज्या साष्टी बेटावर आहे, तिथली आणि मुंबईची दगडी सूक्ष्मास्त्रं के. आर. यू. टॉड यांनी गोळा केली आणि १९५०मध्ये 'एन्शंट इंडिया'त त्यावर लेख लिहिला. सूक्ष्मास्त्रं म्हणजे नखाएवढी पाती, चंद्रकोरी, त्रिकोण. यात खाचांची ती अमेरिकन स्टाइल शोधू नका.

माझ्या मते मोठं कारण आपल्या पायाखाली आहे. आपला काळा फत्तर खडीला उत्तम, पण त्यातून बारीक खाच काढणं म्हणजे शिक्षाच. चांगला फुटणारा दगड म्हणजे अकीक, गारगोटीच्या जातीचे दगड. ते याच फत्तराच्या पोकळ्यांमध्ये तयार होतात आणि बहुतेक वेळा लहान गोट्यांच्या रूपात हाती येतात. लहान गोट्यातून मोठं पातं काढून त्याला खाच पाडण्यापेक्षा छोट्या कोरी काढायच्या, एक कड बोथट करायची आणि ती डिंका-राळेने काठीत चिकटवायची. खाचेचं काम चिकट्याने केलं. एक कोर निसटली तर दुसरी लावा, अख्खा बाण टाकायची गरज नाही. स्वीडनमधल्या लोशुल्टला असे सूक्ष्मास्त्रं राळेने चिकटवलेले बाण दलदलीत टिकून राहिले, म्हणून ही बांधणी नुसता अंदाज नाही.

आता दोन सूचना. डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला मास्क हवाच, आणि काम उघड्यावर. खंबायतच्या अकीक कारागिरांना दगडाच्या धुळीमुळे सिलिकोसिस झालाय, हे गंमत म्हणून घेऊ नका. आणि खाली ताडपत्री अंथरा. गच्चीवर अनवाणी पोरं फिरतात हे एक. दुसरं, डोंगरावर किंवा खाडीकाठी बसून दगड फोडलात आणि कपच्या तिथेच टाकल्यात, तर उद्या कुणी अभ्यासक त्या जुन्या समजेल. तसंच जुनी सूक्ष्मास्त्रं दिसली तर उचलू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवा. जागेवरून हलली की तिचा अर्धा अर्थ गेला.

आणि हो, मित्रा, ते सात तुकडे फेकू नकोस. टोकं शाबूत आहेत ना? प्रत्येकाची एक कड दगडाने घासून बोथट कर. राळ, थोडं मेण आणि कोळशाची पूड मंद आचेवर एकत्र कर. राळ जास्त झाली तर तडकतं, मेण जास्त झालं तर मऊ राहतं, त्यामुळे काडीवर थेंब घेऊन गार करून बघ. मग काठीच्या टोकाला एक तुकडा, बाजूच्या चिरेत एक-दोन. खाच एकही नाही. जमलं की फोटो पाठव, पुढच्या एपिसोडच्या पोस्टला लावू.