लेकराला भेटायला समरकंदला जाताना

आपल्याकडची काही मुलं-मुली डॉक्टर व्हायला उझबेकिस्तानात, समरकंद-बुखाऱ्याला शिकतात. फीसाठी आपण कर्ज काढतो, पण भेटायला जायचं म्हटलं की आईच मागे सरते. भाषा येत नाही, जेवणाचं कसं होईल? म्हणून आज त्याविषयी बोलू.

आधी कागदपत्रं. व्हिसाचा अर्ज इंटरनेटवरून करता येतो. विमानाने ताश्कंदला उतरायचं, पुढे समरकंदला रेल्वे आहे. लालबहादूर शास्त्रींचं ११ जानेवारी १९६६ रोजी निधन झालं ते याच ताश्कंदमध्ये; तिथे त्यांचा पुतळा आहे.

पोहोचल्यावर तीन दिवसांत राहण्याच्या जागेची नोंदणी करावी लागते. हॉटेलवाले ती करून देतात. मुलाच्या भाड्याच्या खोलीत उतरलात, तर घरमालकाकडून आठवणीने करून घ्या आणि पावती परतेपर्यंत जपा. नाहीतर दंड बसतो. रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. कोडीन, ट्रामाडोल असलेल्या औषधांवर तिथे कडक निर्बंध आहेत.

आता जेवण. तिथल्या तंदुरी रोटीला 'नॉन' म्हणतात. ती हाताने तोडतात. पालथी ठेवत नाहीत, जमिनीवर ठेवत नाहीत, टाकून तर मुळीच देत नाहीत. आपण अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतो, तसंच हे.

चहा बिनदांडीच्या वाटीत, अर्धाच ओततात. हात आखडला असं समजू नका. थोडा चहा म्हणजे पाहुण्याला पुन्हा पुन्हा वाढायची इच्छा. वाटी काठोकाठ भरली, तर 'आता निघा' असा अर्थ!

शाकाहारी बायांनी 'सब्जी' मागू नये. तिथे सब्जी म्हणजे गाजर. 'गोश्तसिझ' म्हणा, म्हणजे मांसाशिवाय. तरी सूप मटणाच्या पाण्यातलं असू शकतं, तेव्हा विचारून घ्या. नॉन, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, दही आणि फळं यांवर पोट भरतं.

घरात जाताना चपला बाहेर काढायच्या. उजवा हात छातीवर ठेवून 'अस्सलाम अलैकुम' म्हणायचं, आभाराला 'रहमत'. मशिदीत, दर्ग्यात डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यायची. जानेवारीत कडाक्याची थंडी, जुलैत रखरखीत ऊन. म्हणून एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत पासपोर्टचा विषय जरूर काढा. कर्जाच्या कागदावर आपण सही करतोच, आता एक सही स्वतःच्या पासपोर्टच्या अर्जावरही करू.