सायकलींसाठीं परसांतील छपरी

सायकल घेतांना आपण दहा दुकानें हिंडतों. तिचा रंग, तिची घंटा, तिची बैठक न्याहाळून पाहतों. परंतु घरीं आणल्यावर ती उभी कोठें करावयाची, हा प्रश्न पावसाची पहिली सर येईपर्यंत आपणांस सुचत नाहीं. पुण्याच्या जुन्या वाड्यांत दरवाजालगतची देवडी सायकलींना आयती मिळे. बंगल्यांत राहणारास मात्र परसांत निराळी छपरी उभारावी लागते. ती कशी निवडावी, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

आरंभीं माझीच चूक सांगतों. मीं परसांत पत्र्याची शेड करविली. पावसाचा थेंब आंत येऊं नये म्हणून साऱ्या फटी बुजविल्या, दार घट्ट बसविलें. जमीन मात्र मातीचीच ठेवली. त्या पावसाळ्यांत छप्पर कोठेंही गळलें नाहीं, आणि तरीही सायकली गंजल्या. गणपतीच्या सुमारास माझी मुलगी उतारावरून येत असतां तिच्या ब्रेकची तार तुटली. गुडघे फुटले, एवढ्यावरच निभावलें. तार काढून पाहिली, तों ती वेष्टणाच्या आंत गंजून कुजल्यासारखी झाली होती. पाऊस मीं बाहेर ठेवला होता, पण ओल आंत कोंडली होती.

लोखंड गंजण्यास पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं दोन्ही लागतात. परंतु तें पाणी धारेनेंच पडावें लागतें असें नाहीं. दमट हवेंत धातूवर बसणारा, डोळ्यांस न दिसणारा पाण्याचा थरही पुरतो. मातीच्या जमिनींतून ओल सारखी वर येते. भिजून आलेली सायकल तींत भर घालते. रात्रीं पत्रा लवकर निवतो आणि आंतील बाष्प त्याच्या खालच्या अंगास जमून सायकलींवर ठिबकतें. कोंकणांत समुद्राजवळ तर हवेंतील मिठामुळें गंज अधिकच झपाट्यानें चढतो.

म्हणून पहिली कसोटी ही कीं, छपरीनें पाऊस अडवावा, वारा अडवूं नये. समोरासमोरच्या दोन भिंतींत, छपराखालीं आणि जोत्यालगत, चार-चार बोटांच्या फटी ठेवून त्यांवर जाळी बसवावी. आपल्याकडे पावसाची झड बहुधा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येते. तेव्हां दार पूर्वेस किंवा उत्तरेस असावें. छप्पर उतरतें असावें व भिंतींच्या बाहेर हातभर यावें, म्हणजे पागोळ्या दूर पडतात. जोतें अंगणाहून सहा इंच उंच व फरशीचें असावें आणि त्यास दाराकडे किंचित् उतार द्यावा.

दुसरी कसोटी मापाची. साध्या मोठ्या सायकलीची लांबी सुमारें ६ फूट आणि दांडीची रुंदी सुमारें २ फूट असते. एकीचें तोंड पुढें व दुसरीचें मागें, अशा उभ्या केल्या म्हणजे दांड्या एकमेकींत अडकत नाहींत, आणि ७ फूट लांब व ६ फूट रुंद जागेंत चार सायकली राहतात. दार ३ फुटांहून अरुंद नसावें. सायकल काढण्यास खटपट पडूं लागली कीं ती बाहेरच राहते, आणि मग छपरी अडगळीची होते.

तिसरी कसोटी साहित्याची. लाकूड उन्हांत फारसें तापत नाहीं, पण त्यास वाळवीपासून जपावें लागतें. पत्रा घ्यावा तो जस्ताच्या मुलाम्याचा. ही युक्ति सोरेल या फ्रेंच एंजिनिअरनें १८३७ सालीं पेटंट केली. ओरखडा पडला तरी जस्त आधीं झिजतें आणि लोखंड राखतें. प्लॅस्टिकच्या तयार शेडी गंजत नाहींत. पण त्या हलक्या असल्यानें जोत्यास बोल्टांनीं पक्क्या कराव्या. शेड कोणतीही असो, चोरापासून रक्षण म्हणून जोत्यांत एक जाड लोखंडी कडें पुरून घ्यावें आणि सायकलीचा सांगाडाच त्यास साखळीनें बांधावा. विजेच्या सायकलीची बॅटरी मात्र तापलेल्या पत्र्याखालीं न ठेवतां घरांत न्यावी.

मीं पुढल्या उन्हाळ्यांत शेड पाडली नाहीं. तींतच फटी पाडल्या, फरशी घातली, आणि ब्रेकच्या तारा सगळ्या बदलल्या. तेव्हांपासून पावसाळ्यांत सकाळीं छपराच्या खालच्या अंगास तळहात लावून पाहतों. हात कोरडा राहिला, तर सायकली सुखरूप आहेत असें समजावें. ओला झाला, तर आणखी वारा आंत घ्यावा. ही परीक्षा आपणही करून पाहा.